नाळेचा ओक

पोरीचा ताप काही केल्या उतरेना, म्हणून दिवस मावळायला आला तेव्हा मूठभर भात आणि उकडलेलं अंडं घेऊन मी तिच्या ओकाच्या झाडाकडे निघाले. ब्रह्मदेशाच्या सीमेवरल्या डोंगरांतल्या आम्हा करेन लोकांत मूल जन्मलं की बाप त्याची नाळ बांबूच्या नळीत घालून जंगलातल्या एका झाडाला बांधतो. मग त्या मुलाचा जीव त्या झाडात राहतो, आणि झाडाला कुणी कुऱ्हाड लावत नाही. आमच्या पोरीची, पॉ वाची, नळी माझ्या नवऱ्यानं, ले टूनं, बांधली होती. तो मागच्या पावसाळ्यात मेला. मला वाटलं, पोरीचा जीव कुठं भटकला असेल, हाक मारून घरी आणावा, झालं.

डोंगरावर धुकं उतरलं होतं. ओकाची फळं पाचोळ्यावर टपटप पडत होती. ती पडायची एकदम थांबली, आणि तंबाखूचा वास आला. त्याच्याच चिलमीचा.

तो खोडाशी पाठमोरा उभा होता. नळीची दोरी सोडत होता... अगदी सावकाश.

"ले टू," मी म्हटलं, "हात काढ."

"एकटं वाटतं गं तिकडे..." तो वळला नाही. "पोरगी सोबतीला राहील."

भीती वाटत होतीच, खोटं कशाला सांगू? पण संताप तिच्याहून मोठा होता. जिवंतपणी याला चार लाकडं फोडायला दहादा सांगावं लागायचं, आणि मेल्यावर ही हौस!

"तू बांधलीस म्हणून तुझी झाली का? पोटात मी वाढवली. सोबत हवी तर मला ने. पण आत्ता नाही. ती मोठी होऊ दे, तिचं लग्न होऊ दे, मग बघू."

तो हलकेच हसला.

"शब्द दिलास हं..."

धुकं विरळ झालं तेव्हा तिथं कुणी नव्हतं. मी दोरी पुन्हा आवळून बांधली आणि घरी आले, तर पोरगी उठून बसली होती, भात मागत होती.

दुसऱ्या दिवशी ओकावर तिच्या नळीशेजारी एक हिरवी, ताजी नळी लटकत होती. आत माझ्या केसांची बट. मी ती चुलीत घातली. सकाळी पुन्हा झाडावर होती. मग एकदा वाटेवरच्या कुंपणाला. आज आमच्या खांबांवरच्या घराच्या शिडीला.

पॉ वा अजून माझ्या कमरेएवढी आहे. "ठरलंय तेवढं थांबायचं," मी त्याला ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं, आणि नळी ओलांडून भात कांडायला खाली उतरले.