लाल हेल्मेटवाला रॉकेटदादा

"चल रे बोक्या! नकाशा तयार, शिट्टी तयार, प्रोफेसर तयार! जुन्या पाण्याच्या टाकीवर स्वारी!"

टिचकीने आरोळी ठोकली. बोका जागचा हलला नाही. मामाच्या चष्म्याच्या दुकानात, काउंटरमागच्या स्टुलावर बसून तो टॅबमध्ये डोकं खुपसून होता.

"तुम्ही जा. रॉकेटदादाचा नवा व्हिडिओ आलाय."

टिचकीने नकाशा काउंटरवर आपटला. बोका म्हणजे तिचा सात वर्षांचा भाऊ. गेल्या सुट्टीपर्यंत तिच्या मागे शेपटासारखा फिरायचा. "ताई म्हणते" हे त्याचं वाक्य ठरलेलं. यंदा मामाकडे आल्यापासून वाक्य बदललं होतं. "रॉकेटदादा म्हणतो!"

हा रॉकेटदादा लाल हेल्मेट घालून गेम खेळायचा आणि खेळता खेळता बडबड करायचा. बस्स! एवढ्यासाठी लाखो मुलं त्याच्यावर फिदा!

"मामा, ते चॅनल बंद कर ना. मुलांसाठी चांगलं नाहीये ते."

मामा एका चष्म्याची काडी घट्ट करत होता. "मी स्वतः तपासलंय, बाईसाहेब. पहिला व्हिडिओ पाहिला. स्वच्छ! शिवी नाही, मारामारी नाही. त्यात काय वाईट आहे ते सांग."

टिचकीने पाय आपटला.

"जळतेय ती!" प्रोफेसर म्हणाला. हा मामाचा मुलगा, तेरा वर्षांचा, आणि खरं बोलण्याची त्याला वाईट खोड.

"मी? त्या हेल्मेटवाल्यावर? हॅट्!" टिचकीचे कान लालबुंद झाले.

शिट्टी म्हणजे शेजारी राहणारी मैत्रीण, तिने लांबलचक शीळ घातली. मग टिचकीच्या कानाशी येऊन कुजबुजली, "ए, पण एक विचित्र आहे हं. काल बोका मला विचारत होता, मामींचा फोन दुपारी कुठे असतो. का विचारतोस म्हटलं, तर म्हणाला, गुप्त मोहीम आहे, मोठ्यांना सांगायचं नाही."

टिचकीचे डोळे चमकले. सापडला रॉकेटदादा!

"नीट तपासायचं," प्रोफेसरने बजावलं. "बाबा गिऱ्हाइकाला सगळ्यात बारीक ओळ वाचायला लावतात आणि स्वतः व्हिडिओ मात्र वरवर बघतात. आपण शेवटपर्यंत बघू. संपल्यावर पुढे आपोआप काय लागतं, तेही बघू."

टाकीवरची स्वारी रद्द झाली. तिघं वरच्या खोलीत प्रोफेसरच्या संगणकासमोर वही घेऊन बसली. टिचकीने मोठ्या अक्षरात 'गुन्हे' असं लिहून खाली रेघ मारली.

पहिला व्हिडिओ संपला. गुन्हे शून्य. दुसराही संपला. शून्य! उलट मधेच रॉकेटदादाच्या आईने आतून हाक मारली, "आधी कचरा टाकून ये!" आणि तो हेल्मेटसकट पळाला. त्याचा गेममधला किल्ला धडाधड कोसळला. शिट्टी हसून खुर्चीवरून घसरली. टिचकीही फिसकन हसली आणि हसले म्हणून स्वतःवरच चिडली. मेला चांगला निघाला, म्हणून जास्तच राग!

तेवढ्यात पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला. तेच लाल हेल्मेट. पण आवाज चिरका.

"शूर सैनिकांनो, गुप्त मोहीम! खाली दिलेलं पान उघडा, आईचा नंबर टाका. फोनवर सहा आकडे येतील, ते मला कळवा आणि बिल्ला मिळवा. मोठ्यांना सांगायचं नाही!"

"सापडला!" टिचकी टाळी वाजवून ओरडली. "आता कायमचा बंद!"

"थांब," प्रोफेसर पडद्याला नाक लावून म्हणाला. "चॅनलचं नाव बघ. पुढे 'खरा' जोडलंय. हा दुसराच कोणीतरी आहे. नक्कल! ते आकडे दिले, तर आईचा फोन त्याच्या ताब्यात जाईल. तिचे फोटो, निरोप, सगळं!"

टिचकीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. हेल्मेट एकच होतं. मामाला नुसता हा व्हिडिओ दाखवला असता, तर त्याने दोन्ही चॅनलं बंद केली असती. आणि बोका पुन्हा तिचा! फक्त तोंड मिटून बसायचं होतं...

"अगं, बोका कुठाय?" शिट्टी किंचाळली.

तिघं धाडधाड जिना उतरली. मामा बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होता. मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राआड, बोका मामीचा फोन हातात घेऊन बसला होता. टॅबवर सहा रिकामे चौकोन. चारांत आकडे भरलेले!

"बोक्या, थांब!"

"नाही! तुला रॉकेटदादा बंद करायचाय! तू जळतेस!" बोक्याने पाचवा आकडा दाबला.

झडप घालावी, तर बोट सहाव्या आकड्याच्या वर दीड इंचावर.

"हो, जळते!" टिचकी ओरडली. "खूप जळते! तुझा रॉकेटदादा चांगला आहे. मी दोन व्हिडिओ पाहिले. मला हसू आलं, कळलं? पण हा तो नाहीये. आवाज आठव. आणि मोठ्यांना सांगू नका, असं तो कधी म्हणाला का?"

बोक्याचं बोट थबकलं.

"त्याची आई तर तिथंच असते," तो पुटपुटला. "ह्याची आई हाकच मारत नाही."

त्याने फोन खाली ठेवला. मग त्याने भोकाड पसरलं. मामा धावत आला, पाठोपाठ मामीही आली. प्रोफेसरने नकली चॅनलचं सगळं सांगितलं, तसा मामाचा चेहरा पडला.

"एक व्हिडिओ बघून मी पूर्ण चॅनलला शिक्का मारून मोकळा झालो. चुकलंच माझं!" त्याने लगेच त्या नकली चॅनलची तक्रार केली आणि व्हिडिओ आपोआप सुरू होणं बंद केलं.

मामीने फोन पदरात घट्ट धरला होता. "तुम्ही तिघांनी जे केलं, ते आम्हा मोठ्यांना सुचायला हवं होतं. शाबास गं माझ्या बाळांनो!"

"आता खऱ्या रॉकेटदादाचं काय करायचं?" मामाने विचारलं. "टिचकी, तूच सांग. तू म्हणशील ते."

सगळे तिच्याकडे बघू लागले. बोक्याने श्वास रोखला होता. 'नाही' हा शब्द टिचकीच्या जिभेवर येऊन बसला होता.

तिने बोक्याकडे पाहिलं. "राहू दे. चांगला आहे तो. पण रोज एकच व्हिडिओ, बाहेर दुकानात, सगळ्यांसमोर. आणि मी शेजारी बसणार."

"हुर्रे!" बोका तिच्या गळ्यात पडला. मग मान वर करून म्हणाला, "ताई, पण तो तुझ्यापेक्षा भारी आहे हं."

"माहितीये," टिचकी दात आवळून म्हणाली. तिने काउंटरजवळ दुसरं स्टूल ओढलं, अगदी चिकटून ठेवलं. "सरक तिकडे. आणि तो कचरा टाकायला पळतो, ते पुन्हा लाव."