फ्लेमिंगोच्या चिखलातला दांडा

"नाव रुतली तर बसून राहायचं, पोरी. भरती येईस्तोवर देवाचं नाव घ्यायचं. खाली पाय टाकायचा नाही... कोणी का हाक मारेना."

म्हातारे एल्ड्रिज पिंडर आपल्या सुनेला, लॉर्नाला, दर हिवाळ्यात हे बजावत.

पुढचं सारं मी लॉर्नाच्याच तोंडून ऐकलं आहे. चर्चच्या बाकावर, बायबलवर हात ठेवून तिने सांगितलं. तिथे बसून तिला खोटं बोलवलं नसतं.

फ्लोरिडाचं दक्षिण टोक. फ्लेमिंगो गावाची खाडी. जानेवारीतली दुपार कलली होती.

उत्तरेच्या वाऱ्याने खाडीतलं पाणी पार बाहेर ढकललं होतं. गारठ्याला भिऊन नावेतून मासे धरायला न्यायचं गिऱ्हाईक आलं नाही, म्हणून नवरा-बायकोच गळ टाकायला निघाले. लॉर्ना पुढे बसली. कॉर्बेट मागच्या उंच फळीवर उभा राहून लांब दांड्याने नाव रेटत होता.

"गळाची काठी बघा, डास मारायची. आणि स्वप्नं स्नूक माशाची!" त्याने चिडवलं.

"तू दांडा रेट. हमालाने मालकिणीला शिकवू नये."

तो हसला.

आणि मधेच थांबला...

दांडा चिखलात अडकला होता. ओढला, पिळला. येईना. खालून कोणी धरून ठेवावा तसा...

नाव पुढे सरकत होती. पाण्यात पडायचं नसेल तर दांडा सोडावाच लागतो. त्याने सोडला. नाव तशीच घसरत जाऊन गाळावर चढली.

दांडा मागे उभा होता.

वारा पडलेला. तिवरांतला एकही पक्षी बोलत नव्हता.

तरी दांडा हलत होता...

"ड्यूई असाच गेला," कॉर्बेट पुटपुटला.

ड्यूई त्याचा धाकटा भाऊ. मागच्या हिवाळ्यात असाच अडकलेला दांडा आणायला उतरला आणि कमरेपर्यंत रुतला. कॉर्बेटला तो ओढून निघेना. "मदत घेऊन आलोच," म्हणून कॉर्बेट गेला. परतला तेव्हा भरती चढली होती. ड्यूई नव्हता. पुढे प्रेतही मिळालं नाही.

"गारठून मरायचं का इथे?" लॉर्ना म्हणाली. "मी आणते दांडा. वजनाने तुझ्या निम्मी आहे. मला पेलेल चिखल."

"लॉर्ना, नको!"

तिने पाय टाकला होता.

घोटा गेला. गुडघा गेला. कंबर गेली.

मग खाली काहीतरी घोट्याला लागलं...

बोटं.

बर्फासारखी गार.

कॉर्बेट नावेच्या पुढच्या टोकावर पालथा पडून तिचे हात ओढत होता. भरती लागली. पाणी छातीला आलं, गळ्याला आलं.

तिच्या हनुवटीपाशी बुडबुडे फुटले. त्यांतून तोच जुना, खट्याळ आवाज...

"वहिनी, दादा आलोच म्हणाला होता गं..."

कॉर्बेटने तिच्याकडे पाहिलं नाही. पाण्याकडे पाहिलं.

"ड्यूई, तिला सोड. तिने काय केलंय तुझं?"

बुडबुडे थांबले. पाणी तिच्या ओठांना लागलं.

"उद्या येतो मी. पाणी उतरलं की. एकटा."

"मागेही असंच म्हणालास, दादा."

"आईची शपथ."

बोटं सुटली. एकेक करून. सावकाश.

घोट्यावर निळे वळ राहिले. ते अजून आहेत. लॉर्ना बोलते तेव्हा मी तिच्या पायांकडे बघत नाही.

भरतीने नाव सुटली आणि ते घरी आले. रात्रभर दोघं जागे होते आणि दोघंही झोपल्याचं सोंग करत होते.

फटफटताना कॉर्बेट उठला. स्वयंपाकघरात कॉफीचा वास आला. त्याने थर्मास भरला.

दोन कप घेतले.

एका हाकेवर तो थांबला असता. लॉर्नाने तोंड उघडलं...

पांघरुणात, घोट्याभोवती, बोटं हळूच आवळली गेली.

तिने तोंड मिटलं.

कॉर्बेट पलंगाशी आला. ती जागी आहे हे त्याला कळलं होतं. त्याने तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"नीज तू," तो म्हणाला.

मग दार आवाज न करता ओढून घेतलं आणि धक्क्याकडे चालू लागला.