उजवीकडच्या पट्ट्या

माप

ताईनं संगणकावर जुळवलेली पानं मोठी होती, हातभर लांब आणि तेवढीच रुंद. आईच्या मुठीत मावेल असा अल्बम करायचा, तर पान तळहाताएवढं हवं. म्हणजे प्रत्येक पान लहान करायचं, जाड कागदावर छापायचं, पोलादी पट्टी धरून कापायचं आणि पुठ्ठ्याच्या लांब घडीवर चिकटवायचं. घडी अशी, की एक टोक धरून सोडलं तर सगळं कुटुंब पायऱ्या उतरल्यासारखं खाली यावं.

ताई नकाशे काढणाऱ्या कचेरीत होती. रेष कुठं सुरू होते आणि कुठं संपते, यातच तिचं आयुष्य गेलं होतं. सुट्टीच्या दिवशी विरंगुळा म्हणून ती ही पानं करायची. खाली नक्षीचा कागद, त्यावर फोटो, फोटोला चौकट, चौकटीला रिबन, रिबनीला बटण. त्यातलं काहीच खरं नव्हतं, सगळं पडद्यावर. आईला दाखवायला गेलं तर आई पडद्यावर टकटक करायची आणि म्हणायची,

"आत आहेत गं सगळे. त्यांना ऐकू जात नाही."

म्हणून हाताचा अल्बम. तोही रविवारच्या आत.

रविवारी वृद्धांना सांभाळणाऱ्या संस्थेच्या बाई यायच्या होत्या. आई शेगडी पेटती ठेवून घराबाहेर पडली होती, एकदा नव्हे, दोनदा. तेव्हापासून धाकट्या भावानं धोशा लावला होता, आईला संस्थेत ठेवू. बाई येऊन बघणार, आई आपली माणसं ओळखते का. ओळखत असेल तर घरीच राहू दे, दिवसा मदतनीस पाठवू. नसेल तर संस्थेचा वरचा मजला. त्या मजल्याच्या दाराला बाहेरून कुलूप असतं. ताई तो बघून आली होती. तिथल्या खिडक्या उघडत नव्हत्या.

"झाला का अल्बम?" धाकट्याचा फोन. "का घर बांधतेयस?"

"तू नुसता विचारत बस."

"ताई, परवा तिनं मला प्लंबर समजून नळ दाखवला."

"मग? केलास दुरुस्त?"

"केला," धाकटा म्हणाला.

कापण्याबद्दल, कारण पुढचं सगळं त्यातून आलं

छापलेलं पान नेमक्या रेषेवर कापता येत नाही. केसभर हात चुकला तरी पांढरी कड राहते. म्हणून चित्र चारही बाजूंनी बोटभर जास्त छापायचं आणि ते जास्तीचं काढून टाकायचं. ताईनं पडद्यावरच्या चौकटी सरकवल्या आणि खाली दडलेला फोटोचा भाग बाहेर ओढला. कुठं भिंत, कुठं पडदा, कुठं नुसतं आकाश. कापून टाकायचंच होतं. कोण बघतंय?

आई बघत होती.

ती टेबलाशी खुर्ची ओढून बसायची आणि खाली पडलेल्या पट्ट्या उचलायची. वरच्या, खालच्या, डावीकडच्या पुन्हा खाली सोडून द्यायची. उजवीकडच्या तेवढ्या ठेवायची. ताईला वाटलं, बरंच झालं, हात गुंतलेत.

तयार पान तिनं आईपुढं धरलं. "हा कोण?"

"टकल्या."

"आई, धाकटा आहे तो."

"चल. त्याला केस होते."

"बरं. आणि ही?" ताईनं स्वतःच्या फोटोवर बोट ठेवलं.

आई बराच वेळ बघत राहिली. मग समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून हसतात तशी हसली. "छान आहेत हो या बाई."

ताई उठली. स्वयंपाकघरात जाऊन पाणी न पिताच परत आली. बसली. पुन्हा उठली.

उरलेलं

दुपारी आईचा डोळा लागला, तेव्हा ताईनं तिच्या मुठीतून पट्ट्या सोडवल्या.

त्या सुट्या नव्हत्या. पुठ्ठ्याच्या उरलेल्या तुकड्यावर आईनं त्या शेजारी शेजारी डिंकानं चिकटवल्या होत्या. घड्याही घातल्या होत्या, ताईपेक्षा नीट.

एकीत निळी बाही.

एकीत कोपर.

एकीत केसांची बट, कानामागं सारलेली.

एकीत मांडीवर ठेवलेला हात.

फोटो निरनिराळ्या वर्षांचे, निरनिराळ्या घरांतले, निरनिराळ्या लोकांनी काढलेले. बाही तीच. पट्ट्या उलगडून सपाट केल्या की एक बाई बसलेली दिसत होती, वाट बघत बसतात तशी. चेहऱ्याच्या जागी आईनं एका पट्टीपुरता पुठ्ठा कोरा सोडला होता.

ताईनं संगणक लावला. एका पानाचा मूळ फोटो उघडला, चौकट बाजूला केली. उजवीकडं भिंत. मोठं करून बघितलं. भिंत. पान पुन्हा छापलं, भिंग लावून बघितलं. भिंतच, रंगाचे पोपडे आलेली, पूर्वीच्या घराची.

मग पोलादी पट्टी धरली आणि कापलं.

तुकडा टेबलावरून घसरून पालथा पडला. ताईनं तो उलटा केला. निळी बाही.

"टाकू नका हं ती," आई दारात उभी होती.

"कोण आहे ही, आई?"

"थोरली माझी."

"थोरली मी आहे. आम्ही दोघंच. मी आणि धाकटा."

आईला तिची कीव आली. "असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

कोरी जागा

एकच पान राहिलं होतं. आई आणि ताई जिन्यात बसलेल्या, दोघी कशावर तरी हसताना.

ते ताईनं जास्तीची कड न ठेवता छापलं. उजवीकडं कापायचंच नाही. पांढरी रेघ राहिली तर राहू दे.

आई पट्टीची वाट बघत टेबलाशी बसली. पट्टी पडली नाही. संध्याकाळी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली नाही. ताईनं अल्बम उघडून धरला, तर तिनं त्याकडं बघितलं ते भिंतीकडं बघावं तसं. धाकटा येऊन गेला, त्याला तिनं नळसुद्धा दाखवला नाही.

"ताई, उद्या काय होणार ते दिसतंय ना तुला?" जाताना तो म्हणाला. "मला काय हौस आहे का?"

ताई येरझाऱ्या घालत राहिली. खिडकी उघडली, लावली, उघडली. उघडणारी खिडकी.

मग तिनं शेवटचं पान पुन्हा छापलं, बोटभर कड जास्त ठेवून. पातं लावलं. मान फिरवली. कापलं. पट्टी पालथी धरूनच आईच्या हातात दिली.

"आली का?" आई म्हणाली. "किती उशीर!" आणि तिनं जेवायला मागितलं.

रविवार

संस्थेच्या बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. सोफ्यावर आईशेजारी बसल्या, आईच्या साडीचं कौतुक केलं. ताईनं आपला अल्बम पुढं केला. आईनं तो बाजूला सारला आणि पदराआडून स्वतःचा काढला.

तिला सगळं येत होतं. धाकट्याकडं बोट करून म्हणाली, "हा माझा मुलगा. लहानपणी माती खायचा, म्हणून टक्कल पडलं." धाकटा इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. शेगडीचं विचारलं तर म्हणाली, "आता थोरली बंद करते ना."

"ही कोण?" बाईंनी पट्ट्यांवर बोट टेकलं.

"तीच की. थोरली."

बाईंनी वाकून बघितलं. मान वर करून ताईकडं बघितलं. "अगदी हुबेहूब तुम्ही."

"फोटो कधीचा गं?" धाकटा विचारत होता. "हा निळा ड्रेस आठवत नाही मला."

ताईला त्या कोऱ्या जागेत चिकटवलेल्या शेवटच्या पट्टीकडं बघावं लागलं.

नाक ताईचं होतं. हनुवटी ताईची होती. वय ताईपेक्षा जास्त, चार-पाच वर्षांनी. पट्टी इतकी अरुंद, की दोन्ही डोळे मावत नव्हते. एकच डोळा आला होता. तो फोटो काढणाऱ्याकडं बघत नव्हता. बाजूला बघत होता, डावीकडं, जिथून ताईनं कापलं होतं तिकडं.

"जुना आहे," ताई म्हणाली.

बाईंनी सांगितलं, आई घरीच राहू देत, काही घाई नाही. धाकट्यानं ताईचा खांदा दाबला. "जिंकलीस बाई तू." तो आणि बाई बोलत बोलत जिना उतरले.

ताई दार लावून आली. ऊन उतरत आलं होतं. आई सोफ्याच्या एका टोकाला सरकून बसली होती, शेजारी भरपूर जागा ठेवून. ताईचे पाय भरून आले होते. ती आईशेजारी टेकली, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच निवांत.

"अहो, बघून," आई हसली. "तिच्या मांडीवर बसलात."

सोफा ऊबदार होता.

ताईनं उठायला जोर लावला.

"राहू द्या आता," आई म्हणाली. "तिला सवय आहे."

पेंगलेलं मूल घसरायला लागलं की त्याला मांडीवर जरा वर ओढून घेतात, तसं कुणीतरी ताईला वर ओढून घेतलं.