बोटचाल

“अगं, थांब की जरा! नुसती घाई तुला!”

केतकीने अर्धं चिरलेलं वांगं तसंच ठेवलं. निरंजन पुटपुटत होता, पण तिच्याशी नव्हे. इतक्या वर्षांच्या संसारात अशी लाडाची कुरकुर तिच्या वाट्याला कधी आली नव्हती. तो बोलत होता ऋताशी. ऋता म्हणजे त्याची पहिली बायको, आणि तिला जाऊन पाव शतक उलटलं होतं.

घरोघरची यंत्रं नुसत्या बोलण्यावर चालू लागल्यापासून बोटांनी बटणं दाबायची सवय सुटली होती. त्यामुळे साताऱ्याच्या त्या सोसायटीत निरंजनच्या घरातली टकटक लोकांना वेडेपणाच वाटे. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून खेळ चढवायचा असा एक जुनापुराणा घरगुती संगणक ऋताला माहेरून मिळाला होता. तो कधीच जळून गेला. निरंजन फावल्या वेळात त्याचा अनुकारक बनवत होता.

“म्हणजे नक्कलच ना?” केतकीने विचारलं होतं.

“नक्कल वरवरची असते. अनुकारक आतूनही तसाच वागतो. जुन्या यंत्राचा संथपणा, त्याच्या चुकासुद्धा करतो. वर चालणाऱ्या खेळाला पत्ताच लागत नाही, आपण दुसऱ्याच यंत्रात आहोत याचा.”

“आणि ही बया त्यात कुठून शिरली?”

मग त्याने बोटचाल समजावली. पाठमोरा माणूसही चालण्यावरून ओळखू येतो. तशी बटणं दाबण्यातली लय ज्याची त्याची असते. दोघांनी पडद्यावर चेंडू टोलवायच्या एका खेळात ऋताच्या एका डावाची थोडीशी नोंद कॅसेटवर टिकली होती. त्यावरून त्याने तिची बोटचाल बांधली. उरलेलं रोज खेळता खेळता जुळवलं. इथे ती थांबली असती, इथे चिडून दोनदा दाबलं असतं.

“बरोबर जमलं की नाही, हे कशाशी ताडून बघतोस?”

“मला आठवतंय ना सगळं!”

केतकी पुन्हा कामाला लागली. जिवंत बाईशी कडाकडा भांडता तरी आलं असतं. हिचे तर केससुद्धा पिकत नव्हते.

आतल्या खोलीत तपासणीसाठी एक जादा कळफलक होता. खटका फिरवला की ऋताची बाजू हाताने खेळता येई. निरंजन बाहेर गेला, की केतकी तिथे बसू लागली. बोटं पेटीवर तयार झालेली; लवकर वळली. ऋतासारखं खेळायचंच नाही, हे तिने पक्कं ठरवलं होतं. तो ओळखेल. एवढी तरी ओळख असेल ना आपली?

रविवारी तो खेळायला बसला आणि तिने आत खटका फिरवला. प्रत्येक चेंडू अगदी हातचा जाता जाता टोलवायचा, ही तिची स्वतःची तऱ्हा. बाहेर निरंजन मोठ्याने हसला.

“वा, ऋते! आज जमलं! अशीच, अगदी अशीच खेळायचीस तू!”

केतकी दारात येऊन उभी राहिली. “निरंजन, ती मी होते.”

“काय?”

“खटका बघ जाऊन. आज पहिल्यापासून मीच खेळतेय. माझ्यासारखी.”

तो बघायला उठला नाही. पडद्यावर चेंडू रिकामाच जात राहिला. ती भांडायच्या तयारीने आली होती. त्याचा चेहरा बघून ती त्याच्याजवळ जाऊन बसली. “अरे, बोल तरी.”

“आठवणीशी जुळलं नाही की मी यंत्रात बदल करायचो,” तो म्हणाला. “नंतर नंतर कंटाळून म्हणायचो, अशीच असेल ती. यंत्र करेल ते खरं वाटायला लागलं. आज तू केलंस, तेही खरं वाटलं.” त्याने मान खाली घातली. “ऋता कशी होती, ते मला आठवतच नाही, केतकी.”