कोरी तिकिटं

"ओपल, काचेला जीभ नाही लावायची!"

माझा आवाज त्या शांत दालनात असा घुमला, की भिंतीवरचे ब्राँझचे खेळाडूसुद्धा माना वळवतील असं वाटलं. कूपरस्टाउनला आम्ही मायलेकी आलो होतो तळ्याकाठी खेळायला. पावसानं पिटाळलं म्हणून बेसबॉलच्या संग्रहालयात, हॉल ऑफ फेममध्ये शिरलो होतो.

"चाटू दे की," शेजारून कुणीतरी म्हणालं. "मीही हीच काच चाटलीय... सात वर्षांचा होतो तेव्हा."

केसांतून पाणी ठिबकत होतं त्याच्या. कोट चिंब, पण छातीशी धरलेली चपटी पेटी मात्र कोरडी ठणठणीत.

"अनोळखी पोरांना असंच शिकवता वाटतं तुम्ही?"

"छे, आजपासूनच सुरुवात."

हसायचं नव्हतं मला. हसले.

त्याचं नाव वेन्डल. बेसबॉलची जुनी तिकिटं जमवायचा, आणि आपल्याकडे नसलेलं एक तिकीट नुसतं डोळे भरून बघायला ओहायोहून आला होता. ओपलनं हट्ट केला तशी त्यानं पेटी उघडली. निळी, गुलाबी, लोण्याच्या रंगाची तिकिटं... एकालाही साधी दुमड नाही.

"दारावर फाडलेलं मी घेत नाही," तो अभिमानानं म्हणाला. "अख्खंच लागतं. खरी किंमत त्यालाच."

"म्हणजे ज्या सामन्याला कुणी गेलंच नाही, त्याचं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. पापणीवरचा थेंब गालावर उतरला, तरी पुसला नाही त्यानं.

"असं... कुणी म्हणालं नव्हतं आजवर."

पाऊस ओसरला. संध्याकाळी गावच्या मैदानावर निवृत्त खेळाडूंचा सामना होता. वेन्डलनं सकाळीच तिकीट काढलं होतं, पेटीत ठेवायला!

"आणि सामना?"

"कुंपणाबाहेरून ऐकतो मी. आवाज छान येतो."

"वेडे आहात!" मी म्हणाले खरी. पण ओपलचे बाबा गेल्यापासून मी तरी कुठे कशाच्या आत पाऊल टाकलं होतं? कुणी जेवायला बोलावलं की ओपलला सर्दी. नाचायला बोलावलं की ओपलची झोप. आज मात्र मैदानाच्या तिकीट खिडकीवर मी आमची दोन तिकिटं काढली, आणि मनात आलं, हा माणूस बाहेरच राहिला तर?

फाटकाशी तिकिटं फाडणाऱ्या आजीबाई उभ्या होत्या. आमची फाडली. वेन्डल मागेच थांबला.

"मी... इथंच बरा," तो पुटपुटला.

ओल्या गवताचा, भाजक्या शेंगांचा वास येत होता. आत लोक ओरडले. मी ओपलचा हात घट्ट धरला.

"बाहेरून सगळं ऐकू येईल तुम्हाला," मी म्हणाले. "पण... मी दिसणार नाही."

इतकं बोलून कान तापले माझे.

"अहो महाशय," आजीबाई करवादल्या, "पोरगी एवढं म्हणतेय, अन् तुम्ही खांबासारखे उभे? मागे रांग लागलीय!"

वेन्डलनं पेटी उघडली. तिकीट पुढे केलं, आणि डोळे गच्च मिटले. टर्रकन आवाज झाला.

"दुखलं?" मी विचारलं.

"फार."

"चल, शेंगा देते."

बाकं ओली होती. त्यानं एव्हाना वाळलेला कोट पसरला, आम्ही तिघं त्यावर दाटीवाटीनं बसलो. तळ्यावरून धुकं येत होतं. पांढरा चेंडू त्यात उडायचा, विरघळायचा, पुन्हा कुणाच्या तरी हातात उगवायचा. ओपल कधी त्याच्या खांद्यावर कलंडली, कळलंच नाही. मला कळलं नाही... मला! जी झोपेतही तिचे श्वास ऐकते. खारट बोटं तिनं त्याच्या कॉलरला पुसली होती, आणि तो खांदा न हलवता बसला होता.

"स्कोअर काय झाला?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"कुणास ठाऊक."

"का? तू बघत नव्हतीस?"

"बघत होते की," मी म्हणाले. "मैदानाकडे नाही, एवढंच..."