कॅमेऱ्याच्या वीतभर वर

बोटीतून बेटावर पाय ठेवताक्षणी प्यो दानबीनं नियम मोडला.

नियम तसा साधा होता. टीव्हीवरच्या या सहलीच्या कार्यक्रमात प्रत्येक कलाकाराच्या वाट्याला एक कॅमेरावाला. तो दिवसभर कलाकाराच्या पुढे उलटा चालत राहणार, आणि कलाकारानं तो तिथे नाहीच असं समजायचं. आपापल्या कॅमेरावाल्यापुरताच हा नियम: त्याच्याशी बोलायचं नाही, हसायचं नाही, जेवणंही वेगवेगळी. पण धक्क्यावर बारीक झिमझिम लागलेली, दगड शेवाळलेले, आणि दानबीच्या वाट्याला आलेला उंच मुलगा न बघता सरळ मासेमारीच्या जाळ्यांवर निघालेला…

"अहो, मागे जाळं!" ती ओरडली.

तो थबकला. कॅमेऱ्याच्या आडून अर्धा चेहरा बाहेर आला – भिजलेले केस, लाजरं हसू – आणि लगेच आत गेला.

"दानबी!" कर्ण्यावरून दिग्दर्शिका योम मॅडमचा आवाज आला. "गप्पा मारायला आणलंय का तुला? चला, सगळे परत बोटीत. पुन्हा उतरा!"

"ही पोरगी आपल्याला बेटावर पोचूच देणार नाही," बोंगचुलदादा कुरकुरले. पन्नाशीचे हे विनोदवीर कलाकारांतले सगळ्यात थोरले, आणि भुकेला सगळ्यात कच्चे.

मालिकांमधली कपटी सून म्हणून दानबीनं घरोघरच्या शिव्या खाल्ल्या होत्या. खरी दानबी मात्र बडबडी, दुसऱ्याला ठेच लागली तरी कळवळणारी. तोंड उघडायचं नाही म्हटल्यावर तिनं डोळ्यांना कामाला लावलं. डावी भुवई उचलली की डावीकडे सरक. पापण्या मिटल्या की मागे पायरी. आणि त्यालाही ते कसं कोण जाणे, बरोब्बर कळायचं. पडता पडता वाचला की तो कॅमेऱ्यावर बोटानं हळूच टकटक करायचा. म्हणजे आभार!

बोलणं व्हायचं ते फक्त कॅमेऱ्याची बॅटरी बदलताना.

"बॅटरी बदलताना नियम लागू असतो का हो?" तिनं पहिल्यांदा विचारलं.

"मॅडमना विचारून येऊ?"

"नको, नको!"

"मग नसतो." तो हसला. "मी हान्सोल."

"मी दानबी."

"ते… माहितीये. तुम्ही सासूच्या सूपमध्ये मीठ ओतलंत, तेव्हापासून माझी आई तुमच्यावर रागावून आहे."

"आणि तुम्ही?"

बॅटरी खटकन बसली. कॅमेरा वर गेला.  दानबीच्या कानाच्या पाळ्या उगाचच तापल्या.

त्यानंतर हान्सोलच्या बॅटऱ्या फारच लवकर संपू लागल्या. थंडी वाढली तसं तिच्या स्टुलावर हात शेकायचं गरम पाकीट सापडू लागलं. कुणी ठेवलं विचारलं, तर तो ढगांचं चित्रण करण्यात अगदी गढून गेलेला असायचा!

आणि मग एका दुपारी योम मॅडमनी तिला बोलावून पडद्यावर तिचंच चित्रण दाखवलं.

"नजर बघ तुझी. कॅमेऱ्यात आहे?"

नव्हती. भातशेतात, देवळाच्या पायऱ्यांवर, चिखलात शिंपले उकरताना… सगळीकडे दानबी कॅमेऱ्याच्या वीतभर वर बघून हसत होती. इतकी गोड आपण कुठल्याच मालिकेत दिसलो नाही, हे तिचं तिलाच जाणवलं.

"प्रेक्षकांना वाटेल, ही कुणा तिसऱ्याशीच बोलतेय," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून हान्सोल बोंगचुलकडे. तुला दुसरा देते."

"मॅडम, मी सुधारते ना…"

"ठरलंय ते."

दानबी बाहेर आली आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. आपण या माणसाच्या प्रेमात पडलोय, हे तिला तिथे स्वच्छ कळलं. आणि उद्यापासून तो दुसऱ्याच्या पुढे उलटा चालणार होता.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे जेवणाची पैज लागली. जेगी, म्हणजे बॅडमिंटनच्या फुलासारखं झालर लावलेलं खेळणं, पायानं हवेत उडवत ठेवायची. ठरलेला आकडा गाठून जिंकणाऱ्यानं काहीही मागावं, कुणालाच जमलं नाही तर सगळ्यांना साध्या नूडल्स. कलाकारांनी आधीच ठरवून टाकलेलं – निखाऱ्यावरचं मांस! बोंगचुलदादा जोशात घसरून गुडघ्यावर आपटले. दानबी मात्र जीव खाऊन उडवत राहिली, आणि जिंकली.

"बोल, काय हवं?" मॅडमनी विचारलं.

"मांस म्हण! मांस!" दादा मागून ओरडले.

"हान्सोल," दानबी म्हणाली. "माझा कॅमेरावाला बदलू नका."

 मग एकच हलकल्लोळ.

"मी गुडघा फोडून घेतला," दादांनी कपाळावर हात मारला, "आणि ही बया माणूस मागतेय!"

योम मॅडम हसल्या नाहीत. "दानबी, नजरेचं निमित्त झालं. बदली आधी त्यानंच मागितली होती."

तिचा चेहरा उतरला. सगळ्यांसमोर, सगळ्या कॅमेऱ्यांसमोर. तेव्हा हान्सोलनं खांद्यावरचा कॅमेरा खाली ठेवला.

"हो, मीच मागितली."

"एवढी… एवढी त्रासदायक आहे मी?"

"तुमचा कॅमेरावाला असेपर्यंत तुमच्याशी बोलायचं नाही, शेजारी बसून जेवायचं नाही. बॅटरी बदलण्यापुरतं बोलणं…" तो अडखळला. "मला पुरत नाही आता."

दानबीला हसावं की रडावं कळेना.

"मॅडम, मागणं मागे घेते! करा बदली!"

"मग मांसही नाही हं. नूडल्स."

"चालेल!"

"कुणाला चालेल?" दादा कळवळले, पण उठून त्यांनीच हान्सोलला आपली जागा दिली.

वाफाळत्या वाट्या आल्या. तो शेजारी बसला. खांद्याला खांदा लागला.

"कॅमेरे चालू आहेत," तो पुटपुटला.

"असू देत. मला तुम्ही आवडता."

योम मॅडमनी कर्णा उचलला. दादांचं घोरणंसुद्धा चित्रणातून न सोडणारी ही बाई. सगळ्यांना वाटलं, आता म्हणणार – पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं!

"कॅमेरे बंद करा रे," त्या म्हणाल्या. "सगळे."

लाल दिवे एकेक करून मालवले. मग हान्सोल तिच्या कानाशी जे बोलला, ते कुठल्याच भागात दिसलं नाही. दानबीच्या वाटीतल्या नूडल्स मात्र फुगून काठापर्यंत आल्या, तरी तिला पत्ता नव्हता.