नववा थेंब

१९८५च्या मे महिन्यात मुलुंडच्या एका शाळेच्या प्रदर्शनासाठी मी जुन्या पद्धतीचा सूक्ष्मदर्शक बनवत होतो. पितळेची पट्टी, तिच्या भोकात मोहरीएवढा काचेचा मणी, मागे सुईच्या टोकावर पाण्याचा थेंब. तीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमधल्या एका कापडवाल्याने अशाच मण्यातून पाण्यातले जीव पाहिले. बिचाऱ्याला चित्रं काढता येत नव्हती. त्यासाठी त्याने माणूस ठेवला होता.

माझीही तीच बोंब. शिवाय एका हाताने पट्टी डोळ्याशी धरायची, दुसऱ्याने सुई पुढेमागे करणारा स्क्रू फिरवायचा. पेन्सिल धरणार कोण? शाळांसाठी तक्ते करताना मी बघून सांगायचो आणि माझी बायको शुभा काढायची. फेब्रुवारीत ती गेली. तेव्हापासून दोन खोल्यांत बोलायला कुणी उरलं नव्हतं.

त्या दुपारी खिडकीशी बसलो आणि सवयीने सांगत गेलो, "लांबट आहे. एका टोकाला केस. गोल गोल फिरतंय."

मान वर केली तर टेबलावरच्या कागदावर तो जीव काढलेला. केसांसकट.

भुताखेतांवर विश्वास ठेवणारा मी नव्हे. दाराला कडी घातली, दुसरा थेंब घेतला. पुन्हा चित्र. चार वाजेपर्यंत आठ थेंब, आठ चित्रं.

दार वाजलं. कडी काढली, तर शेजारची सुलक्षणा ताक घेऊन आली होती.

"काका, कुणाशी बोलत होता?"

"कुणाशी नाही गं. हे चित्र कुणाचं वाटतं?"

तिने कागदाला हात लावला नाही. "शुभाकाकींचंच ना? जुनं असेल." ताक ठेवून ती भरभर निघून गेली.

मला भीती वाटली नाही. खरं सांगतो, आनंद झाला. तीन महिन्यांनी घरात कुणीतरी होतं.

नववा थेंब लावला. या वेळी वर्णन केलं नाही. नुसतं विचारलं, "शुभा, कुठे आहेस गं?"

पेन्सिल बराच वेळ कुरकुरत राहिली.

कागदभर एकच डोळा होता. भोवती पितळी भोकाची कड. बुबुळाशेजारी लाल ठिपका, माझ्या उजव्या डोळ्यात आहे तोच. थेंबाच्या बाजूने पाहिलं तर माझा डोळा असाच दिसेल.

ती आत होती.

मे महिन्याचं ऊन. थेंब आटत चालला होता. घाईघाईने ड्रॉपरने पाणी सोडलं.

मग आठवलं. आधीचे आठ थेंब, चित्र झालं की, मी रुमालाने पुसून टाकले होते.

रुमाल खिशातून काढला. तो कडक वाळला होता.